घरात ५ ॲप, ४ बल्ब आणि १ मोटर: होम ऑटोमेशनची सुरुवात कुठनं करू?

मंगळवारपेठी
शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

सेल दिसला की एक वस्तू, असं करत घरात जमलेला माल सांगतो. विझचे ४ बल्ब, टापोचे २ प्लग, तुयावर चालणारी एक एलईडी पट्टी आणि एक आयआर रिमोट, हॉलमध्ये ॲटमबर्गचा पंखा आणि अलेक्साची डबी. फोनवर ॲप पाच. पासवर्ड किती ते मोजायचं सोडून दिलंय. पट्टीला पंखा ठाऊक नाही, पंख्याला बल्ब ठाऊक नाही. प्रत्येकाचं संस्थान वेगळं.

घर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. खालचा मजला आजोबांच्या वेळचा, दगडी, दोन फूट जाडीच्या भिंती. वरचा १९९८ सालचा स्लॅबचा. राउटर वर. खाली स्वयंपाकघरात वायफायची एक दांडी आली तर त्या दिवशी लॉटरी काढावी.

माणसं चार: आई (वय ७१), बायको, नववीतली मुलगी आणि मी. आईचं म्हणणं एकच, "खटका दाबला की दिवा लागला पाहिजे, बाकी तुझं तू बघ." ती सवयीनं बोर्डावरनं बल्ब बंद करते. मग मी ऑफिसातनं बघतो तर बल्ब ऑफलाइन, अलेक्सा म्हणते सापडत नाही. परवा तर कहरच. रात्री तीनला लाईट गेली, साडेतीनला आली आणि चारही बल्ब लख्ख पांढरे पेटले. आई उजाडलं म्हणून उठून अंघोळ करून मोकळी.

पण खरी डोकेदुखी पाण्याची. नळाला पाणी पहाटे येतं, खाली हौदात पडतं, तिथनं १ एचपीच्या मोटरनं वर १००० लिटरच्या टाकीत. मोटर लावून विसरणं ही आमच्या घराण्याची परंपरा. टाकी वाहते ती थेट शेजारच्या काकूंच्या परसात. त्यांचं आणि आईचं त्यावरनं महिन्यातनं एकदा तरी वाजतं.

तर हे सगळं एका ठिकाणी आणता येतं का? आहे ते फेकावं लागेल का? आणि मोटरला टापोचा शिल्लक प्लग लावू का? मुलगी म्हणते लाव. आई म्हणते हात लावून तर बघ.


शाहूपुरीचा_शहाणा
शनिवार, रात्री ९:५२

मोटरला प्लग लावू नका. सविस्तर नंतर लिहितो, आत्ता चुलीवर मटण आहे.


रंकाळ्यावरचा_वारा
शनिवार, रात्री ९:५८

वाचनखूण साठवली. माझ्याकडंही असंच कडबोळं आहे. (मटणाचा पत्ता व्यक्तिगत निरोपानं कळवा.)


माहेर_राजारामपुरी
शनिवार, रात्री ११:१५

मी पुण्यात असते, आई-बाबा राजारामपुरीत आठव्या गल्लीत. तीन वर्षं त्यांचं घर मी इथनं सांभाळते, त्यामुळं तुमच्या आईंच्या बाजूनं बोलणार.

आधी काही फेकू नका. तुमच्याकडच्या जवळपास सगळ्या वस्तू होम असिस्टंटखाली येतात. २०१३मध्ये पाउलस स्काउट्सेन यानं सुरू केलेली ही मुक्त प्रणाली आहे, फुकट आहे आणि आपल्या घरातल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर चालते. विझचे बल्ब ती घरच्या वायफायवर आपणहून शोधते आणि त्यांच्याशी थेट बोलते, इंटरनेट लागत नाही. टापोला एकदा त्यांच्या खात्याचं नाव-पासवर्ड द्यावा लागतो, पुढं तेही घरातल्या घरात. पंख्यासाठी ॲपमधनं एपीआय की (दुसऱ्या प्रणालीला पंखा चालवू देणारा परवाना-कोड) घ्यायची आणि जोडणीचं सॉफ्टवेअर बाहेरनं उतरवायचं. तुयाचं मात्र सरळ जोडलं तर कंपनीच्या क्लाउडमार्फत, म्हणजे इंटरनेटवरच्या त्यांच्या सर्व्हरवरनं चालतं. लोकल करता येतं, पण त्यात एक आख्खा रविवार जातो, म्हणून सुरुवातीला क्लाउडनंच चालू द्या.

क्लाउडवर एवढा राग का, तर एप्रिल २०२२मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एका रात्रीत गप झाले. ना सूचना, ना निरोप. लोकांची घरं ॲपला ओळखेनात. पुढं तिच्याच काही ग्राहकांनी ती विकत घेऊन सर्व्हर परत सुरू केले, पण मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी होम असिस्टंट जोडलं होतं त्यांचे दिवे लागत होते. म्हणून वस्तू घेताना मी एकच विचारते: नेट बंद असलं तर हे चालेल का?

आता तुमच्या आई. तुम्ही हुशारी बल्बात घातलीय आणि बल्बाची वीज आईंच्या हातात आहे, मग भांडण होणारच. हुशारी बटणामागं घाला. बोर्डाच्या आत बसणारा छोटा रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालू-बंद होणारा खटका, मिळतो. जुना खटका तसाच राहतो, तो रिलेला जोडायचा. आईंनी दाबला तरी दिवा लागतो-विझतो, फोनवरनं केलं तरी. सर्व्हर बंद पडला तरी खटका चालतो. माझ्या बाबांना आजतागायत पत्ता नाही की बोर्डात काही बसवलंय. त्यांच्या लेखी मी फक्त "पुण्यातनं व्हरांड्याचा दिवा विसरले तर बंद करते".

रंगीत बल्ब जिथं रंग बदलायची हौस आहे तिथं ठेवा, टीव्हीमागं, मुलीच्या खोलीत. आणि साडेतीनच्या उजेडाला उपाय आहे: बल्बाच्या सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ते निवडता येतं. "आधी होतं तसं" करून ठेवा. हे आजच करा, आईंची झोप वाचेल.


नवं_ते_हवं
रविवार, सकाळी ८:२०

एवढा खटाटोप कशाला? आता मॅटर आलंय, सगळ्या कंपन्यांसाठी एकच मानक. डब्यावर मॅटरचं चिन्ह बघून घ्या, कुठलीही वस्तू कुठल्याही ॲपमध्ये जुळते. विषय संपला.


शाहूपुरीचा_शहाणा
रविवार, सकाळी ९:०५

विषय संपला असता तर मी रविवारी सकाळी उठलो नसतो.

मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ची. जुनी झिगबी अलायन्स २०२१ला नाव बदलून कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स झाली, त्यांनी काढलं. कल्पना सोन्यासारखी आहे, चालतं घरच्या नेटवर्कवरच. पण पहिल्या आवृत्तीत बल्ब, प्लग, कुलपं, सेन्सर असला मोजका माल होता. खोलीचा एसी आणि झाडू मारणारा रोबो २०२३च्या १.२मध्ये आले. आणि जुन्या वस्तू सहसा आपोआप मॅटरच्या होत नाहीत. धागाकर्त्यांकडं आहे तो माल जुना, त्याचं काय? नवीन घेताना मॅटर बघा, इतकंच म्हणा.

आणखी एक. मॅटरच्या काही वस्तू वायफायवर चालतात, काही थ्रेड नावाच्या वेगळ्या बिनतारी जाळ्यावर. थ्रेडच्या वस्तूंना बॉर्डर राउटर, म्हणजे ते जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारी पेटी, लागतो. तो नसला तर चिन्ह असूनही वस्तू डब्यातच राहते. (थ्रेड म्हणजे हा धागा नव्हे. याला बॉर्डर नाही आणि राउटरही नाही.)


रंकाळ्यावरचा_वारा
रविवार, सकाळी ९:११

मटण कसं झालं ते राहिलं.


उद्यमनगरी
रविवार, सकाळी ११:३०

उशिरा आलो. मोटरचा विषय निघालाय म्हणून लिहितो, माझं आयुष्य कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा दणकट विजेवर चालणारा खटका) आणि पीएलसी (कारखान्यात मशीन चालवणारा कॉम्प्युटर) यांच्याबरोबर गेलंय.

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते शाफ्टवर मिळणारं. लाईनमधनं मोटर हजार-अकराशे वॅट ओढते, चालताना ५-६ ॲम्पिअर धरा. प्लगवर लिहिलंय १० किंवा १६. मग माणूस म्हणतो, "भागतंय की!" पण तो आकडा इस्त्री-हीटरसारख्या लोडचा. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणाला पाच-सहापट करंट खेचते आणि बंद करताना रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. आज चालेल, गणपतीपर्यंत चालेल. एक दिवस कॉन्टॅक्ट चिकटतील. ॲपवर दिसेल "बंद", मोटर मात्र चालूच. हौद आटला की कोरडी फिरणार, सील जळणार, आणि तुम्ही ऑफिसात बसून ॲपवर समाधानानं बघणार.

करायचं ते असं. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉईल (त्याचा खटका ओढणारं चुंबकी वेटोळं) ओढायची. मोटरचा करंट कॉन्टॅक्टर सांभाळेल, त्याच्यापुढं ओव्हरलोड, म्हणजे जादा करंट गेला की मोटर तोडणारा रिले. टाकीत फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होणारा खटका) सोडा आणि तो त्याच कॉईलच्या सिरीजमध्ये घ्या. टाकी भरली, फ्लोट सुटला, कॉईल सुटली, मोटर बंद. वायफाय असू दे नसू दे, कॉम्प्युटर जिवंत असू दे नसू दे. कॉम्प्युटरनं कितीही "चालू, चालू" म्हटलं तरी भरल्या टाकीत मोटर लागणार नाही. सोबत एक सिलेक्टर स्विच, ऑटो आणि मॅन्युअल. मॅन्युअलला आईंचं बटण, तिथंही फ्लोट मध्ये राहिलाच पाहिजे.

बऱ्याच जणांचं उलटं असतं. सेन्सर कॉम्प्युटरला सांगणार, कॉम्प्युटर रिलेला सांगणार, मग मोटर बंद. तीन जणांनी निरोप पोचवायचा आणि एकजण झोपला की पाणी काकूंच्या परसात. आमच्याकडं मशीनचा इमर्जन्सी स्टॉप कोणी सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडत नाही. तेच इथं.

फ्लोट पाण्यात असतो. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) आणि धड अर्थिंग नसेल तर काम सुरूच करू नका. जमलं तर कॉईल २४ व्होल्टची घ्या, म्हणजे टाकीकडं २३० न्यायला नको.


बापू_वायरमन
रविवार, दुपारी १:०५

राम राम. उद्यमनगरवाले साहेब बोलले ते सोळा आणे. तीस वर्सं पेठंत वायरिंग करतोय, म्हणून चार शब्द माझे बी.

हुशार बटण लावायच्या आधी बोर्ड उघडून बघा. ज्या बोर्डात प्लग हाय तिथं न्यूट्रल, म्हंजे परतीची तार, असतोयच, प्लगला लागतोय म्हणून. नुसत्या खटक्यांचा बोर्ड असला तर तिथं बहुतेक फेजच उतरलेला असतोय, न्यूट्रल वरनं परस्पर दिव्याला गेलेला. मग पोरं काय करत्यात, शेजारच्या बोर्डातनं न्यूट्रल उसना आणत्यात. तो निघाला दुसऱ्या सर्किटचा की आरसीसीबी बसला पडायला. आणि शिव्या वायरमनला.

दुसरं. जुन्या घरात मी कितीदा बघितलंय, खटका न्यूट्रलवर आणि फेज सरळ दिव्याला. बल्ब विझतोय, पर होल्डरात करंट हाय. असल्या जागी रिले बसवला तर तो बी न्यूट्रलच तोडणार. आधी टेस्टरनं बघा, उलटं असलं तर सुलटं करून घ्या, मग तुमचा कॉम्प्युटर.

बिगर न्यूट्रलचे रिले बी मिळत्यात. पर ते दिव्यातनंच जरा जरा करंट घेऊन जगत्यात, म्हणून एलईडी बंद केला तरी मिणमिणतोय. मग दिव्याला बायपास कॅपॅसिटर लावा, पुन्हा काम. आणि जुन्या लाकडी बोर्डामागं गाय बांधावी एवढी जागा असती, नव्या कन्सील्ड डब्यात रिले दाबून बसवू नका. तापतोय.

तुमच्या त्या नव्या पंख्याला जुना रेग्युलेटर ठेवलाय का? असला तर आजच काढा. बीएलडीसी पंख्याला वीज सरळ लागती.


मंगळवारपेठी
रविवार, दुपारी २:२०

बापू, रेग्युलेटर आहे! पाचवर ठेवलाय म्हणून चालत असावा. संध्याकाळीच काढून घेतो.

सगळ्यांना दंडवत. दोन शंका. ताई, "छोटा कॉम्प्युटर" म्हणजे नक्की काय घेऊ? आणि दोन फुटांच्या दगडी भिंतीतनं हे सगळं बोलणार कसं? खाली वायफायच पोचत नाही.


माहेर_राजारामपुरी
रविवार, दुपारी ३:४५

रास्पबेरी पाय ४ किंवा ५वर छान चालतं, पण मेमरी कार्डावर ठेवू नका. सतत लिहून लिहून कार्ड मरतं. माझं दीड वर्षात मेलं, बॅकअप नव्हता, आणि बाबांनी फोन केला तो "आमचा दिवा जुन्यासारखा झालाय" म्हणून. एसएसडी लावा. त्यापेक्षा ऑफिसांतनं निघालेले ते वहीएवढे मिनी पीसी सेकंडहँड मिळतात, ते बघा. साधारण १० वॅट खातात. चोवीस तास महिनाभर म्हणजे ७ युनिटच्या आसपास. आठवड्याचा बॅकअप दुसरीकडं जाईल असं पहिल्याच दिवशी लावा.

भिंतींना माझं उत्तर झिगबी. वायफायवर प्रत्येक वस्तू थेट राउटरला ओरडून बोलते, दगडापुढं ती हरते. झिगबीत वस्तू एकमेकींना निरोप देतात. जिन्यातल्या रिलेनं हॉलच्या रिलेला, त्यानं वरच्या कॉम्प्युटरला. मात्र निरोप पुढं नेण्याचं काम कायम विजेवर असलेल्या वस्तूच करतात. सेलवरचे सेन्सर फक्त स्वतःपुरतं बोलून झोपतात. बिगर न्यूट्रलचे रिलेसुद्धा सहसा पुढं निरोप नेत नाहीत, हे घेताना लक्षात ठेवा. म्हणजे बापूंचा न्यूट्रल इथंही आडवा येतो.

कॉम्प्युटरला झिगबीची एक यूएसबी कांडी लागते. ती सरळ निळ्या यूएसबी ३च्या पोर्टात खुपसू नका. त्या पोर्टाचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर पडतो आणि झिगबीचं घर तेच. मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावून कांडी लांब ठेवा. वायफायही त्याच पट्ट्यात असल्यानं राउटर चॅनल १ वर पक्का करा आणि झिगबी २० किंवा २५ वर.

आणि जिन्यातला दिवा टू-वे असेल तर रिले घेताना तसं सांगा, नाहीतर खालनं लावलेला वरनं विझणार नाही.


फुलेवाडीचा_पाव्हणा
रविवार, सायंकाळी ६:३०

मी एक विचारू का? दिवाळीचा आकाशकंदील रोज सहाला लागेल असा टायमर केलाय. तर लोक सूर्यास्तावर लावा म्हणतात. फरक काय पडतो?


शाहूपुरीचा_शहाणा
रविवार, सायंकाळी ६:४१

कंदिलाला काही पडत नाही. पण तोच टायमर पुढं अंगणातल्या दिव्याला ठेवलात तर पडतो. कोल्हापुरात नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य सहाच्या आधीच मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात वाजून दहाच्या आसपास. सव्वा तासाची तफावत. होम असिस्टंटला घराची जागा नकाशावर दाखवली की तो रोजचा सूर्यास्त स्वतः काढतो. त्याच्या पंधरा मिनिटं आधी लावा. वळिवाच्या ढगाळ दिवशी मात्र फसेल.

वळीव म्हटल्यावर आठवलं, मे महिन्यातल्या विजांचा बंदोबस्त करा. डीबीमध्ये (घराच्या मुख्य विजेच्या बोर्डात) सर्ज प्रोटेक्शन बसवा. गेल्या वर्षी माझा राउटर, मिनी पीसी आणि टीव्ही एका कडाक्यात गेले. आणि कॉम्प्युटरची पेटी खालच्या मजल्यावर ठेवू नका. आमच्या शाहूपुरीच्या गल्लीत २०१९ आणि २०२१ला पाणी आलेलं मी बघितलंय. होम असिस्टंटच्या पडद्यावर मी हवामान काढून टाकलंय आणि पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी रोज हातानं भरतो. इशाऱ्याच्या ३९ फुटांना हॉलचा दिवा पिवळा, धोक्याच्या ४३ला तांबडा. घरचे म्हणतात तांबडा व्हायच्या आत सामान वर गेलेलं असतं, दिव्याचं काय एवढं. असो.


नवं_ते_हवं
रविवार, रात्री ८:००

कॅमेऱ्यांसाठी वेगळं व्हीलॅन (घरातल्या घरात वेगळं तोडलेलं नेटवर्क) केल्याशिवाय असलं काही घरात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.


उद्यमनगरी
रविवार, रात्री ८:१२

अहो, आधी न्यूट्रल मिळू द्या त्यांना.


मंगळवारपेठी
तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:०५

मंडळी, प्रगतीचा अहवाल.

बल्बांची ती सेटिंग त्याच रात्री केली. नंतर दोनदा लाईट गेली, आई झोपलेलीच राहिली. निम्मं युद्ध तिथंच जिंकलो.

मिनी पीसी सेकंडहँड घेतला, वर कपाटात ठेवला. होम असिस्टंट टाकायला एक संध्याकाळ गेली. विझ आपोआप दिसले. टापो दोन तास दिसेनात. माझीच चूक: प्लग जोडताना फोन ५ गिगाहर्ट्झवर होता आणि प्लगना २.४च कळतं, म्हणून मी त्यांना मागं एकदा पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाकलेलं आणि विसरलेलो. सगळं एका नेटवर्कवर आणल्यावर जुळलं. तुया अजून क्लाउडवर आहे, ताईंचा तो आख्खा रविवार मला अजून मिळालेला नाही.

इन्व्हर्टरचं एक कोणी सांगितलं नव्हतं. लाईट गेली की इन्व्हर्टर घेतो, पण मधल्या क्षणात पीसी रिस्टार्ट व्हायचा. मागं यूपीएस आणि नॉर्मल असा खटका आहे, तो यूपीएसवर केल्यावर थांबलं. राउटर आणि पीसी दोन्ही आता त्याच्यावर.

झिगबीचे पाच रिले बसवले. बापूंसारखाच एक जुना जाणता वायरमन मिळाला. त्यानं पहिलाच बोर्ड उघडला आणि हसायला लागला. खटका न्यूट्रलवर. म्हणजे चाळीस वर्षं आम्ही तो बल्ब बंद समजून पुसत होतो. तीन बोर्ड सुलटे केले. खालच्या देवघराच्या बोर्डात न्यूट्रल नव्हताच, तिथं नवी वायर ओढली. आता देवघरातला रिले हॉलच्या रिलेमार्फत वर बोलतो. दगडी भिंत हरली.

आईला काय बदललं ते सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "पूर्वी दिवा लावताना टक् वाजायचं. आता टक् झाल्यावर आत आणखी एकदा बारीक टक् वाजतं. कोण बसलंय आत?"


माहेर_राजारामपुरी
शनिवार, रात्री १०:३०

बाबांना तीन वर्षांत ते ऐकू आलं नाही! तुमच्या आईंचे कान शाबूत आहेत.

बाहेरनं घरात डोकावायचं असेल तर राउटरची पोर्टं उघडत बसू नका. बऱ्याच ब्रॉडबँडवर आपल्याला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतच नाही, एकच पत्ता पुष्कळ घरांत वाटलेला असतो. मी टेलस्केल (बाहेरनं घरच्या नेटवर्कात सुरक्षित शिरायचं ॲप) वापरते, त्याला हे चालतं.


उद्यमनगरी
शनिवार, रात्री १०:४०

मोटर?


मंगळवारपेठी
शनिवार, रात्री ११:२०

मोटर. सांगतो, हसू नका.

तुम्ही सांगितलं तसं कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, सिलेक्टर, कॉईल २४ व्होल्टची, फ्लोट सिरीजमध्ये. ते पहिल्या दिवसापासून घड्याळासारखं चालतंय. पण मला पडद्यावर टाकीची टक्केवारी बघायची हौस. म्हणून झाकणाला आतनं अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लाटांनी अंतर मोजणारा) सेन्सर लावला, ईएसपी३२ या छोट्या वायफाय चिपवर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर टाकून. दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी सकाळी फोनवर निरोप: टाकी १४० टक्के भरली. धावत वर गेलो तर टाकी निम्मी. सेन्सरच्या तोंडावर वाफेचे थेंब धरलेले. ते पुसले, तर टाकी खरोखर भरत आल्यावर पुन्हा बोंब, कारण हा सेन्सर जवळचं वीसेक सेंटिमीटर मोजतच नाही आणि पाणी त्याच्या नाकाखाली आलेलं.

तुमचा फ्लोट मध्ये नसता तर त्या दिवशी ऑटोमेशननं निम्म्या टाकीला भरली समजून मोटर बंद केली असती, आणि भरलेल्या टाकीला रिकामी समजून चालू ठेवली असती. झालं एवढंच की आकडा चुकला, पाणी नाही.


उद्यमनगरी
रविवार, सकाळी ७:५०

सेन्सर टाकीत उतरवूच नका. मोटरच्या वायरीवर पीझेम-००४टी हे वीज मोजणारं छोटं मीटर बसवा, रिंगमधनं फेज घालायचा. ईएसपीहोमला तो वाचता येतो. पाणी उपसताना मोटर समजा १०५० वॅट घेते. हौद आटून हवा ओढायला लागली की लोड उतरतो आणि वॅट धपकन खाली येतात. तुमच्या मोटरचे दोन्ही आकडे एकदा बघून ठेवा आणि मधला आकडा धरा. त्याच्या खाली वीस सेकंद गेला तर मोटर बंद. कोरडं चालणं वाचलं, पाण्याला हात न लावता. रोज किती मिनिटं चालली तेही कळेल. एरवी पंचवीस मिनिटांत भरणारी टाकी चाळीस घेऊ लागली तर फूटव्हॉल्व्ह (हौदातल्या पाइपाच्या तळाची झडप) बघा.


बापू_वायरमन
रविवार, सकाळी ८:१५

किंवा फूटव्हॉल्व्ह आधीच बघा. पेठंतल्या हौदात गाळ लई.


मंगळवारपेठी
दीड महिन्यानं, मंगळवार, सकाळी ७:१०

शेवटचा अहवाल. पीझेम लावला. माझी मोटर पाण्यात ९८० वॅट, कोरडी ५६०. मधे ७५० धरलं. पहाटे नळ आल्यावर हौदातला छोटा फ्लोट वर येतो, मोटर आपोआप लागते, टाकी भरली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि स्वयंपाकघरातला दिवा एकदा मिचकतो. तो मिचकला की आई म्हणते, "झालं वाटतं पाणी." फोन तिनं अजून एकदाही उघडलेला नाही आणि बापूंनी सांगितल्याप्रमाणं फूटव्हॉल्व्हमध्ये गाळ निघालाच.

महिन्याभरात टाकी एकदाही वाहिली नाही. काल काकू स्वतः घरी आल्या. मला वाटलं, आता तरी कौतुक. तर म्हणाल्या, "तुमची टाकी बिघडलीय काय? माझी कर्दळ सुकायला लागली."


उद्यमनगरी
मंगळवार, सकाळी ७:३२

कॉन्टॅक्टरला एक जादा कॉन्टॅक्ट मोकळा असेल. काकूंच्या परसापर्यंत नळी किती फूट लागेल?